वात, खडा आणि खानदेशचे पाणी

धनत्रयोदशीला आपण धणे-गुळाचा नैवेद्य दाखवतो, तिजोरीला हळदकुंकू वाहतो आणि यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावतो. तो दिवस धन्वंतरीच्या जयंतीचाही आहे, हे मात्र वैद्यमंडळींखेरीज फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. तेव्हा ऐन दिवाळीत दुखण्यांचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. शिवाय याच चार दिवसांत घरची सारी पिढीजात दुखणी एका छपराखाली जमतात. अभ्यंगाला आजीला पाटावर बसवत नाही, म्हणून तिच्यासाठी खुर्ची येते. काका मधूनच कमरेवर हात ठेवून उठतात आणि ‘काही नाही, वात आहे’ असे म्हणून पुन्हा चकलीकडे वळतात. तो वात खरोखर वातच असतो की आणखी काही, याचा शोध घेण्याजोगा आहे; आणि त्या शोधाची पाळेमुळे आमच्या खानदेशात तरी बरीच खोल गेलेली आहेत.

चाळीसगावहून औट्रम घाटाने वर गेले की कन्नडच्या बाजूला, सातमाळ्याच्या डोंगरात, पितळखोऱ्याची लेणी लागतात. आज ती खानदेशच्या हद्दीबाहेर पडतात, पण पूर्वी डोंगरातून तापीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या व्यापारी वाटेवरची ती वस्ती होती. तेथे ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत पैठणचा एक गंधी आहे, आणि मगिल नावाचा एक राजवैद्य आहे. नुसता तोच नव्हे, त्याचा मुलगा दत्तक आणि मुलगी दत्ता यांच्याही देणग्यांची नोंद तेथे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या प्रदेशात कोणी वैद्यकीवर इतके मिळवीत होता की त्याच्या सबंध कुटुंबाने लेण्याला दान द्यावे! मगिलाने कोणते रोगी तपासले हे दगडावर लिहिलेले नाही. पण खानदेशच्या उन्हात राहणारा वैद्य दोन दुखण्यांवाचून राहिला असेल हे संभवत नाही. एक म्हणजे सांध्यांचा वात, आणि दुसरा मूत्रातील खडा.

दोन्ही दुखणी आपल्या जुन्या ग्रंथांना उत्तम ठाऊक होती. सांध्यात शिरलेल्या वाताचे वर्णन करताना चरकसंहिता म्हणते की सुजलेला सांधा हाताला वाऱ्याने भरलेल्या चामड्याच्या पिशवीसारखा लागतो. ज्याने म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यावर एकदा तरी तेल चोळले आहे त्याला ही उपमा पटेल. खडा कसा होतो हे सांगताना सुश्रुताने दिलेली उपमा तर प्रत्येक गृहिणीच्या अनुभवाची आहे. नव्या घड्यात अगदी निवळ पाणी भरून ठेवले तरी कालांतराने तळाशी गाळ बसतो. खडा तसाच जमतो. आमच्याकडे रांजण धुताना तळाचा जो पांढुरका थर नारळाच्या शेंडीने खरवडावा लागतो, तो पाहिला की वाटते, हा ग्रंथकार आमच्या परसात येऊन गेला असावा.

सुश्रुताने अश्मरीचे चार प्रकार सांगितले आणि औषधांनी भागेना तेव्हा शस्त्रकर्मही सांगितले. सणाच्या दिवशी त्याचा तपशील नको. दोन गोष्टी मात्र सांगण्यासारख्या आहेत. पहिली अशी की वैद्याने हे काम राजाला विचारून करावे, असे तो बजावतो. शस्त्र न लावल्यास मृत्यू ठरलेला, लावल्यास यशाची शंका, म्हणून आधी परवानगी! मगिलासारख्या राजवैद्याचे महत्त्व अशा वेळी किती असेल याची कल्पना यावरून यावी. दुसरी गोष्ट रोग्याच्या आसनाची. गुडघ्याइतक्या उंच फळीवर एक धट्टाकट्टा माणूस बसवावा, रोग्याला त्याच्या मांडीवर टेकवावे, गुडघे आणि कोपरे दुमडून ती वस्त्राने बांधावीत. म्हणजे खडा काढून घ्यायचा तर गुडघे नीट दुमडणारे हवेत! ज्याचा सांधाच आखडला आहे त्याने काय करावे? हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. खडा काढण्याचे हे आसन पाश्चात्त्यांकडेही होते. ‘लिथॉटमी पोझिशन’ या नावाने ते आजही शस्त्रक्रियागृहात चालते, आणि खुबा किंवा गुडघा ताठर झालेला रोगी टेबलावर आला की पाय कसे ठेवावेत याचा डॉक्टरांना आजही विचार करावा लागतो.

खडा विशेषेकरून लहान मुलांना होतो असे सुश्रुत म्हणतो. आजच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. कारण आपण पाहतो ते खडे प्रौढांचे, आणि मूत्रपिंडातले. पण शंभर वर्षांपूर्वीपर्यंत हिंदुस्थानात ‘मुतखडा’ म्हटले की गरीब घरच्या मुलाच्या मूत्राशयातला खडाच बहुधा डोळ्यांपुढे येई. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला, कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणे केले, आणि मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून पुढे इंदूरकडे गेला. त्याच इंदुरास पुढे १८८० च्या दशकात रेसिडेन्सी सर्जन डी. एफ. कीगन याने एक मोठे काम केले. अमेरिकेत बॉस्टनच्या बिगेलोने १८७८ मध्ये अशी रीत काढली होती की चिरफाड न करता नैसर्गिक वाटेने यंत्र घालायचे, खडा आतच चुरायचा आणि चुरा एकाच बैठकीत धुऊन काढायचा. हे मोठ्या माणसांत साधेल, मुलांची वाट अरुंद, तेथे नको, असे त्या काळचे शल्यवैद्य समजत. कीगनने मध्य हिंदुस्थानातील मुलांवरच ते करून दाखवले आणि त्यावर पुस्तक लिहिले. आग्रा रस्त्याने धुळ्याहून इंदूर काही फार दूर नाही. खडा काढण्याच्या आधुनिक विद्येचा एक महत्त्वाचा अध्याय विलायतेत नव्हे, तर आमच्या उत्तरेच्या शेजाऱ्याकडे लिहिला गेला, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कधी आली नाही.

आता मुलांनाच खडा का? सुश्रुताने दोष अतिखाण्याला, गोडधोडाला आणि दिवसाच्या झोपेला दिला होता. १९३१ च्या सुमारास कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून रॉबर्ट मॅकॅरिसन याने जवळजवळ उलटे सांगितले. त्याने उंदरांना नुसत्या धान्यावर ठेवले. त्यांच्या मूत्राशयात खडे झाले. त्याच आहारात दूध घातले, तेव्हा खडे टळले. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण पुढे जगभर असेच दिसून आले की ज्या मुलखात मुलाला केवळ धान्याच्या पेजेवर वाढवतात तेथे हा रोग असतो, आणि दूधदुभते व चौरस आहार पोचला की तो ओसरतो. दुष्काळी सालात ज्वारीच्या कण्यांवर मुले जगवणाऱ्या मुलखाला यात काय सांगितले आहे हे वेगळे समजवायला नको. मुलांचा तो खडा आता जवळजवळ गेला. मोठ्यांचा मात्र वाढला. खालचा खडा गरिबीचा होता. वरचा, म्हणजे मूत्रपिंडातला खडा बऱ्याच अंशी उन्हाचा, बैठ्या कामाचा, वाढत्या वजनाचा आणि मिठाचा आहे.

उन्हाच्या बाबतीत खानदेशाने कोणापुढे हार मानलेली नाही. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तर बातमी होते, पण आश्चर्य होत नाही. केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या रानात दिवसभर राबणाऱ्या माणसाचे पाणी घामावाटेच जाते. मूत्रावाटे थोडे उरते, ते दाट होते, आणि सुश्रुताच्या घड्यातला गाळ बसू लागतो. गावोगावी दोष मात्र विहिरीच्या पाण्यावर येतो. ‘आमचे पाणी जड, म्हणून आमच्याकडे खडा,’ हे वाक्य मी यावल-रावेरपासून साक्रीपर्यंत ऐकले आहे. काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात चुना असतो हे खरे. त्याने भांड्यावर थर बसतो हेही खरे. पण भांड्यात बसतो म्हणून पोटातही बसतो, हा न्याय तितका सरळ नाही. जड पाणी आणि खडा यांचे नाते शोधणाऱ्यांच्या हाती अजून ठाम असे काही लागलेले नाही. पाणी कसले प्यावे यापेक्षा ते किती प्यावे याचा पुरावा फार भक्कम आहे. इटलीत पार्मा येथे एकदा खडा होऊन गेलेल्या १९९ रोग्यांचे दोन गट करून पाच वर्षे पाहिले. भरपूर पाणी पिणाऱ्यांत सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्क्यांना. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध कोणते, तर साधे पाणी!

आता सांध्याकडे वळू. युरोपात संधिवात आणि मुतखडा ही दुखणी फार दिवस सख्खी भावंडे समजली जात. बेंजामिन फ्रँकलिनला म्हातारपणी दोन्ही होती. ही समजूत निव्वळ भाबडी नव्हती. १७७६ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाला मूत्राशयातील खड्यांत एक आम्ल सापडले; तेच युरिक आम्ल. १७९७ मध्ये वोलॅस्टनने वातरोग्याच्या सांध्याजवळील गाठ तपासली, तर तिच्यातही त्याच आम्लाचा क्षार निघाला. १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडने अशा रोग्यांच्या रक्तात ते दाखवले. साखळी पुरी झाली. ज्याला आपल्याकडे वातरक्त म्हणतात, ज्यात पायाचा अंगठा रातोरात लाल होऊन सुजतो, त्या रोगात सांध्यात बसणारा आणि मूत्रात बसणारा पदार्थ एकच.

पण आजीचा गुडघा या साखळीत बसत नाही. तिचा रोग झिजेचा. सांध्यातील कूर्चा विरते, हाड रुंदावते, चढता-उतरता कळ येते. रक्तातले युरिक आम्ल बहुधा ठीकच असते. हा रोग इतर संधिवातांपासून वेगळा काढण्यात ज्यांचा हात होता त्यांत आर्चिबाल्ड गॅरॉड हा प्रमुख, आल्फ्रेडचाच मुलगा. बापाने सांधा आणि खडा यांना जोडले, मुलाने सांध्यांचे रोग एकमेकांपासून तोडले. गंमत अशी की याच मुलाने १९०२ मध्ये अल्काप्टोन्यूरिया नावाच्या एका दुर्मिळ आनुवंशिक विकाराचा उलगडा केला. त्यात लघवी हवेत राहिली की काळी पडते, कूर्चेत काळा रंग मुरतो, चाळिशीतच गुडघे आणि कणा झिजतात, आणि वर खडेही होतात. गळ्याजवळच्या लहान ग्रंथींच्या एका विकारातही हाडे आणि खडे ही दोन्ही दुखणी जोडीने येतात. असे रोगी थोडे. तरीही तरुण वयात दोन्ही दुखणी एकदम दिसली तर वैद्याने तेथे थांबून विचार करावा, इतके त्यावरून ठरते.

मग सामान्य झिजेच्या वाताचा आणि खड्याचा संबंधच नाही काय? आहे. पण तो रसायनशाळेत सापडण्याआधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सापडतो. माझी आत्या, आमच्या घरी तिला फुई म्हणतात, अमळनेरकडच्या एका खेड्यात राहते. वय ७४. आयुष्यभर शेतात निंदणी केली, डोक्यावरून पाणी वाहिले. दोन्ही गुडघ्यांवर बिब्ब्याचे जुने डाग आहेत. सात-आठ वर्षांपूर्वी तिची कंबर उजव्या बाजूने दुखू लागली. गावातल्या डॉक्टरांनी मणक्यातला वात म्हणून गोळ्या दिल्या. एरंडेल, निर्गुडीचा शेक घरचा होताच. गोळी घेतली की दुखणे थांबे, म्हणजे वातच, असे सगळ्यांनी मानले. मीही मानले. जवळजवळ दोन वर्षे असे चालले. शेवटी ताप भरून थंडी वाजू लागली तेव्हा तिला जळगावला नेले. मूत्रनलिकेत खडा अडकलेला, मूत्रपिंड फुगलेले.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. सांधेदुखीवर ज्या जातीच्या गोळ्या देतात, त्याच जातीची औषधे खड्याच्या कळेवरही पहिल्याने देतात. तेव्हा गोळीने थांबले म्हणून वात, हा निवाडाच चुकीचा. गोळी दोघांनाही गप्प करते. शिवाय अंगात पाणी कमी असताना त्याच गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. मणक्याची कळ हलण्या-वाकण्याने कमी-जास्त होते. खड्याची कळ बरगडीखालून जांघेकडे उतरते, माणसाला एका जागी बसू देत नाही आणि कधी लघवी लाल करते. म्हाताऱ्या माणसात ही लक्षणे इतकी स्वच्छ दिसत नाहीत, हीच अडचण. ग्लासगोच्या मॅकिन्टायरने १८९६ मध्येच, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष होते न होते तोच, मूत्रपिंडातील खड्याचे छायाचित्र घेतले होते. फुईच्या कमरेचे छायाचित्र कोणी काढवलेच नव्हते. युरिक आम्लाचे खडे मात्र साध्या क्ष-किरणांत दिसत नाहीत, त्यासाठी सोनोग्राफी किंवा स्कॅन लागतो.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, ‘आजी, दिवसाला पाणी किती पिता?’ फुईने माझ्याकडे पाहून उत्तर दिले, ‘पानी पिधं का उठनं पडस, नि उठनं म्हंजे गुडघा बोंबलस.’ पाणी प्यायले की उठावे लागते, आणि उठायचे म्हणजे गुडघा ओरडतो. संडास अंगणापलीकडे, बसायचा, दोन पायऱ्या उतरून. म्हणून ती सकाळी चहा, दुपारी जेवणावर तांब्यातले घोटभर आणि संध्याकाळनंतर काहीच नाही, असा उपास कितीतरी वर्षे करत होती. घरातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. सांध्याचा रोग खड्यापर्यंत पोचण्याची वाट ही अशी होती. त्यात ना युरिक आम्ल, ना विहिरीचे पाणी.

तिच्या पिशवीत कॅल्शियमच्या गोळ्याही निघाल्या, हाडे ठिसूळ म्हणून कोणी सुचवलेल्या. अमेरिकेत ३६,२८२ प्रौढ स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत खड्याचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळले. यावरून दूध-दही बंद करणारे लोक आहेत, तो मात्र शुद्ध अविचार. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते. ज्यांच्या आहारात ते भरपूर असते त्यांना खडे कमी होतात, असे १९९३ मध्येच दिसून आले आहे. गोळी कोणाला लागते, किती आणि जेवणाबरोबर की नाही, हे तपासणाऱ्यानेच ठरवावे. वांग्याच्या बियांनी खडा होतो म्हणून भरिताला नावे ठेवणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण भरितापेक्षा त्यावरचे मीठ आणि शेजारचे लोणचे अधिक संशयास्पद आहे.

घरगुती उपायांचा विषय निघाला की प्रत्येक गावाचा एक जाणकार असतो. कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, पाषाणभेद, वायवर्ण्याची साल, आणि गोखरू, म्हणजे आमच्या शेतात अनवाणी पायाला टोचणारा तो सराटा! ही नावे सुश्रुताच्या काळापासून फारशी बदललेली नाहीत. कुळथाच्या काढ्याने परीक्षानळीत स्फटिक अडतात असे आढळले आहे. माणसांतला पुरावा अजून तोकडा आहे. कढणाबरोबर पोटात जाणारे पाणी तरी खासच उपयोगी. लिंबाचेही तसेच, त्यातले सायट्रेट खडा जमू देत नाही, आणि लिंबे जळगाव जिल्ह्याला परकी नाहीत. मात्र ताप आला, लघवी अडली, की कढणाचे पातेले खाली ठेवून दवाखाना गाठावा. तेथे एक तासही मोलाचा असतो.

फुईचा खडा दुर्बिणीने काढला. १९८० मध्ये म्युनिकला शरीराबाहेरून ध्वनिलहरींच्या आघाताने खडा फोडण्याची रीत सुरू झाली, तीही विचारात घेतली होती. पण जंतुसंसर्ग आणि अडथळा असल्याने आधी नळी टाकून वाट मोकळी केली आणि तीन आठवड्यांनी दुर्बीण. त्या वेळी पाय दुमडण्याचा प्रश्न आलाच. डॉक्टरीणबाईंनी भूल देण्याआधी, फुई जागी असतानाच, तिला टेबलावर घेऊन पाय कुठवर सुखाने जातात हे पाहून ठेवले. मग उशा लावून तेवढेच उचलले. मला त्या मांडीवर टेकवणाऱ्या धट्ट्याकट्ट्या माणसाची आठवण झाली. गुडघे बदलण्याचा विचार पुढे कधी करायचा तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग पुरता बरा झालेला हवा, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

घरी आल्यावर भावाने पहिले काम केले ते गवंडी बोलावण्याचे. पायऱ्या काढून उतार केला, कमोड बसवला, भिंतीला लोखंडी कडी ठोकली. खर्च एका धाकट्या नातवाच्या फटाक्यांहून थोडा अधिक आला असेल. फुईच्या खाटेजवळ आता झाकणाचा तांब्या असतो, आणि दिवसातून किती तांब्ये झाले याचा हिशेब ती खडूने भिंतीवर रेघा ओढून ठेवते. मागच्या दिवाळीला सून भिंत रंगवायला निघाली, तेव्हा तेवढा कोपरा तिने रंगवू दिला नाही.